व्याहीबुवांचा सरकारी कार्बोरेटर

'तुम्ही चुकलात' असं मला उभ्या आयुष्यात एकदाही न म्हणणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे व्याही. आईवडील म्हणाले, सासूबाई तर सकाळच्या चहाबरोबर म्हणायच्या, यजमान तोंडानं म्हणत नसत पण एक भुवई उचलत, आणि माझ्या हातात मोबाइल आल्यापासून पोटची मुलगी दुसरं काही म्हणतच नाही. व्याही मात्र कधीच नाही. आणि गंमत अशी, की माझ्या साऱ्या चुकांमधली सर्वांत मोठी आणि सर्वांत काळी चूक मी त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच शेजारी बसून, मोठ्या टापटिपीनं करत होते. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला तुम्ही मोकळे. त्यांच्या जुन्या गाडीत समोरच्या फळीखाली कपाशीच्या बोंडाएवढं एक काळं बटण डोकावत असे. ती पिशवी अडकवायची खुंटी आहे, असा माझा ठाम समज. जरासं बाहेर ओढलं की पिशवीचे बंद त्यावर छान बसत. उतरताना पिशवी काढायची आणि बटण परत आत ढकलायचं, कपाटाचं दार लावावं तसं. मी शिस्तीची बाई. आता कळलं आहे, की त्या खुंटीला चोक म्हणतात. इंजिन थंड असलं की त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त पाजण्यासाठी तो ओढायचा, आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. मी तो विदर्भाच्या उन्हात, आर्वीपासून वर्ध्यापर्यंत ओढून, वर त्याला पिशवी टांगून बसत होते.

यजमान होते तोवर हा प्रश्न आला नाही. ते पुढे बसत, मी मागे. ते गेल्यावर पुढची सीट मला मिळाली आणि तिच्याबरोबर ही खुंटीही.

व्याह्यांचं घर नालवाडीला आणि भाजीची वाडी घरापासून हाकेच्या अंतरावर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, जे निघेल ते पहाटे गाडीत भरून वर्ध्याच्या बाजारात. गाडी राखाडी, चार दारांची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. मागच्या सीटला सांभाराचा वास कायमचा चिकटलेला. लोक गाडीत अत्तर मारतात, यांच्या गाडीत बसलं की भूक लागते. ती गाडी ते चालवत कमी आणि उघडून बघत जास्त. त्यातही इतर भागांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. चाकं, ब्रेक, दिवे हे सगळे त्यांच्या लेखी गावकरी. राजा एकच, कार्बोरेटर. "इंजिनाची सयपाकीन समजा, ईनबाई," ते मला सांगत. विहीणबाईचं आमच्याकडे ईनबाई होतं. "पेट्रोल किती, हवा किती, हे तिनं कालवाचं. तिचा हात बिघडला का इंजिन उपाशी तरी मरते, नाई तं अजीर्ण होऊन काळा धूर ओकते." आणि असे कार्बोरेटर त्यांच्यापाशी एक नव्हे, तीन होते. एक 'शेतीचा', भाजीचं ओझं ओढायला. एक 'सोयऱ्यांचा', लग्नाकार्याला ऐटीत जायला. आणि तिसरा 'सरकारी'. हा फक्त धुराच्या चाचणीला जाताना लावायचा आणि घरी आल्याबरोबर काढायचा. याच्यावर गाडी उड्डाणपूल चढत नसे, सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात, पण धूर म्हणाल तर उदबत्तीपेक्षा कमी. मी एकदा विचारलं, हा सरकारी म्हणजे काय? तर म्हणाले, "खाते कमी, धावते त्याहून कमी, पन कागदावर एकदम साफ."

या तिघांची बडदास्त माझ्या विहीणबाईंनी ठेवायची. पातळाच्या जुन्या काठात गुंडाळून ते तांदळाच्या पिंपात ठेवलेले असत. त्यांची बारीक भोकं साफ करायला तार चालत नसे, भोक मोठं होतं म्हणे. त्यासाठी फड्याची एक एक काडी निवडून तासली जाई. त्यामुळे त्या घरातला झाडू कायम विरळ. एकदा विहीणबाईंना खिचडीचा गंज सापडेना. शोधत अंगणात आल्या तर गंजात पेट्रोल, आणि पेट्रोलात 'सोयऱ्यांचा' डुंबत पडलेला. "अवो, हा गंज माह्या मायनं देल्लेला हाय!" त्या ओरडल्या. व्याही शांतपणे म्हणाले, "म्हनूनच त्याच्यात ठेवला. दुसऱ्या गंजावर माहा भरोसा नाई." विहीणबाईंनी गंज राखेनं घासला आणि त्या दिवशी कुकरात खिचडी लावली.

माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत. शेजारी भांडायला आला की आत येऊन सांगत, "पेट्रोल जास्त झालं त्याले." जावई-मुलगा कोणी गप्प बसला, तर "हवा जास्त झाली, भडकन नाई आता." डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं तेव्हा हे त्यांना म्हणाले, "गोळ्या राहू द्या, स्क्रू कुठं असते तेवढं सांगा." आणि कुणाच्याही हातून काही बिघडलं, दूध उतू गेलं, पोरं नापास झाली, पावसानं सोयाबीन भिजलं, तर एकच वाक्य: "मानूस चुकत नाई. कार्बोरेटर चुकते." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस वेडा आहे. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत असे. शिवणक्लास चालवणारी बाई, चाळीस पोरींना बाह्या जोडायला शिकवलेल्या. जगात सगळ्याला माप असतं आणि ते माझ्या टेपवर आहे, असा माझा तोरा.

तो तोरा पहिल्यांदा उतरला तो मुलगी दाखवण्याच्या दिवशी. पाहुणे नालवाडीहून आर्वीला आमच्याकडे येणार. मी पोहे परतून तयार, मुलगी साडीत तयार. पाहुणे आले, सगळे बैठकीत बसले, आणि मुलाचे वडील गायब. शोधलं तर हे अंगणात बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले. आत आले ते काळ्या हातांनी. पोह्यांची बशी घेतली, बशीला अंगठ्याचा ठसा उमटला. बायका स्वैपाकाचं, भरतकामाचं विचारत होत्या. यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, चोक कधी ओढाचा?" माझ्या मुलीनं मान वर न करता उत्तर दिलं, "इंजिन थंड असलं तरच. गरम झाल्यावर आत ढकलायचा." तिच्या बाबांची स्कूटर सकाळी तीच चालू करून देत असे. "पोरगी पसंत," व्याही म्हणाले आणि दुसरी बशी मागितली. मी स्वैपाकघरात जाऊन यजमानांना बजावलं, "या घरी पोरगी द्यायची नाही. सासरा येडा आहे." ते भुवई उचलून म्हणाले, "तुला उत्तर येत होतं का?" आता लक्षात घ्या, तो प्रश्न मी ऐकला, उत्तर मी ऐकलं, दारातच तर उभी होते. आणि तरीही म्हातारपणी त्याच चोकाला पिशवी टांगली. शिक्षण कानांवरून गेलं की असं होतं.

वेडा सासरा मला कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या पिढीत मुलीच्या सासरी आईनं मुक्काम टाकायचा नाही. सकाळी यावं, चहा घ्यावा, संध्याकाळच्या एसटीनं परतावं. यजमान गेल्यावर आर्वीचं घर मला खायला उठे, पण जीभ कधी 'राहते' म्हणाली नाही. मी निघाले की व्याही म्हणत, "एसटीनं काऊन जाता? मी सोडतो ना." मग पिशवी गाडीत, मी गाडीत, आणि गाडी सुरूच होत नसे. हे उतरत, बॉनेट उघडत, मान हलवत. "कार्बोरेटर गेला, ईनबाई. आज काई होत नाई. उद्या पाहू." उद्या पुन्हा तेच. मी आठ-आठ दिवस राही, लेकीजवळ झोपे, नातीच्या वेण्या घाली, आणि गावात कुणी विचारलं तर ऐटीत सांगे, "काय करू बाई, गाडीच बिघडली." पुढे एका दुपारी मी अंगणात वाळवणाचे वडे घालत बसले होते, आणि पाहते तर तीच बिघडलेली गाडी वांगी भरून फाटकातून झोकात बाहेर पडली. मला बघून व्याही दचकले. मी मान खाली घातली आणि वडे घालत राहिले. अशा वेळी बाईनं काही पाहायचं नसतं.

आता त्या नातीची गोष्ट. लहानपणी ती मेथीच्या जुड्यांवर बसून शाळेत गेली. तेव्हा कधीतरी यांनी तिला शब्द दिला, "तुही बिदाई याच गाडीत होईन, मीच चालवीन." पोरगी शिकली, नागपूरला नोकरीला लागली, पुलगावला लग्न ठरलं, आणि कपड्यादागिन्यांआधी तिनं विचारलं, "आबाजी, गाडी तयार आहे ना?" आबाजींचा चेहरा पडला. गाडीच्या पासिंगची मुदत नेमकी लग्नाच्या आधी संपत होती. पंधरा वर्षं ओलांडून कितीतरी पुढे गेलेली गाडी. आता नियम कडक. आधी धुराची चाचणी पास करा, तो कागद आणा, मगच आरटीओत पासिंग. नाही तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, सरळ भंगारात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, म्हणाला, "बाबा, आपण भाड्यानं मोठी पांढरी गाडी करू. फुलं लावू." व्याही म्हणाले, "पोरीले पांढऱ्या गाडीचा शब्द नाई देल्ला मी."

मी लग्नाच्या तयारीसाठी नालवाडीत आलेलीच होते. चाचणीला निघताना ते मला म्हणाले, "चला ईनबाई, तुमी संग असल्या का काम होते." पांढऱ्या कपाळाच्या बाईला असं कुणी म्हणत नाही हो. मी अशी फुलले, की पिशवीत डबा, पाण्याची बाटली, शाल, औषधं असं सगळं भरलं, पुढे बसले आणि खुंटी ओढून पिशवी टांगली. सरकारी कार्बोरेटर लावलेला होता. इंजिन नीट तापावं म्हणून पवनारपर्यंत चक्कर मारली, मग पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर गेलो. तिथं एक चुणचुणीत मुलगी संगणक घेऊन बसते. तिनं सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा बघितला, पुन्हा बघितला. "काका, आकडा लय वर चालला. नापास." व्याह्यांना धक्काच बसला. सरकारी कधी नापास झाला नव्हता. मागून निघणारा काळा धूर मीही बसल्या जागेवरून मान वळवून पाहिला आणि शहाणपणानं म्हणाले, "कार्बोरेटर म्हातारा झाला असेल." "तसंच दिसते," ते म्हणाले.

मग 'सोयऱ्यांचा' लावला. पवनार, टपरी, नापास. 'शेतीचा' लावला. पवनार, टपरी, आणि यावेळी तर त्या मुलीनं रुमाल नाकाला लावला. माझी पिशवी प्रत्येक वेळी आपल्या जागेवर. घरात मांडव पडत होता, बुंदी पाडली जात होती, आणि नवरीचा आजा कडुनिंबाखाली तीन कार्बोरेटर खोलून बसला होता. तिघांचे तुकडे जोडून त्यानं चौथा केला. फड्याच्या इतक्या काड्या गेल्या, की मांडव झाडायला शेजारून झाडू आणला. हा माणूस नाडी बघण्यात इतका बुडाला होता, की रोग्याच्या छातीवर बाई बसली आहे हे त्याला दिसतच नव्हतं. पिशवीही माझी भली मोठी, तिच्याआड बटण दिसायची सोय नाही.

चौथ्या फेरीला निघायच्या दिवशी व्याह्यांची थोरली बहीण ओट्यावर पान लावत बसली होती. मी पिशवी घेऊन गाडीकडे निघाले तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शुभ कामाले जाताना पुढं कोनाले बसवा, याची काई समज? मंग धूर नाई निघन तं काय निघन!" अंगणातला बुंदीचा झारासुद्धा थांबला. व्याही बॉनेटमधून बाहेर आले, हातात स्क्रूड्रायव्हर. आवाज चढवला नाही. "अक्का, ईनबाईनं आपली पोरगी देल्ली म्हनून आज हे नात हाय. याच्याहून मोठा शकुन तुह्यापाशी असन तं दे, त्याले बसवतो पुढं." अक्कानं पान तोंडात घातलं.

मी बसले, पण मनातून दुखावले होते. आणि दुखावलेली बाई पिशवी टांगत नाही, मांडीवर घट्ट धरून बसते. वाटेल तेव्हा उतरता यावं म्हणून. नात मागे बसली होती, आबाजीला धीर द्यायला आली होती. पवनारची चक्कर झाली. टपरीवर नळी घातली. त्या मुलीनं आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाली, "काका! एकदम साफ! काय केलं?"

व्याहीबुवांनी छाती अशी फुगवली, की शर्टाचं बटण ताणलं. "कार्बोरेटर!" ते म्हणाले. त्या मुलीला, पंपावरच्या माणसाला, हवा भरणाऱ्याला, सगळ्यांना तो चौथा उघडून दाखवला. मला म्हणाले, "पाह्यलं ईनबाई? तुमी होत्या म्हनून." माझा सगळा राग विरघळला. परत निघालो, मी खुशीत आले, सवयीनं बटण ओढलं आणि पिशवी टांगली. जरा वेळानं गाडी खोकायला लागली. मागून नातीचा हात पुढे आला, पिशवी बाजूला सारली, आणि माझ्या कानाशी शब्द आले, "आजी, चोक काऊन ओढून राह्यली?"

क्षणात सगळं डोळ्यांपुढे आलं. पोह्यांची बशी, अंगठ्याचा ठसा, मान खाली घातलेली माझी मुलगी, 'गरम झाल्यावर आत ढकलायचा'. तीन कार्बोरेटर, सगळे निर्दोष. अक्का म्हणाली ते खरंच होतं की! माझ्याच पायी नापास होत होतो. फक्त बिचारीला कारण ठाऊक नव्हतं. मी बटण आत ढकललं. "काय म्हनते पोरगी?" व्याह्यांनी विचारलं. "काही नाही, तहान लागली म्हणते," मी म्हटलं आणि मागे बाटली दिली. नातीनं पाणी पीत पीत माझ्याकडून सोन्याच्या कुड्या कबूल करून घेतल्या. तीही शेवटी माझीच नात.

पासिंग झालं. लग्न झालं. पाठवणीला गाडी झेंडूनं मढली, चालवायला आबाजी, नवरानवरी मागे, आणि शकुन म्हणून पुढे मी, पिशवी मांडीवर. पुलगावपर्यंत गाडी अशी गेली, की मोठ्या पांढऱ्या गाड्यांनी वाट दिली. परत येताना मागची सीट रिकामी. झेंडूच्या पाकळ्या, सांडलेल्या अक्षता आणि तो सांभाराचा वास. अर्ध्या वाटेवर व्याह्यांनी गाडी कडेला घेतली. "कार्बोरेटर पाह्यतो जरा," ते म्हणाले. इंजिन तर घड्याळासारखं चालू होतं. ते उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मधूनच नाक ओढल्याचा आवाज येई. मी कपाशीच्या शेताकडे बघत बसले. माझ्यासाठी या माणसानं इतक्यांदा कार्बोरेटर बिघडवला होता, आणि आज स्वतःसाठी बिघडवायची वेळ आली तेव्हा खोटं बोलायला त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मग मला राहवलं नाही. उघड्या बॉनेटशीच मी बोलले. "व्याहीबुवा, कार्बोरेटरमध्ये दोष नव्हता. कुठल्याच. मी चोक ओढून त्याला पिशवी टांगत होते. तिन्ही वेळा तुम्हाला मीच नापास केलं." बॉनेट खाली आलं. ते आत बसले, हात पुसले, आणि गाडी सरळ नालवाडीला आणली. मी मनाची तयारी केली. एवढी वर्षं टळलेलं ते 'तुम्ही चुकलात' उद्या ऐकायचं.

सकाळी ते मला आर्वीला सोडायला निघाले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी आत बसले, आणि चोकाच्या शेजारी, फळीला घट्ट ठोकलेली, चकचकीत घासलेली पितळेची खुंटी दिसली. घरातल्या देवळीची होती ती, मी ओळखली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, तिचे बंद त्या खुंटीला अडकवले, आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "चुकी गाडीची हाय, ईनबाई. बाईमानसाच्या पिशवीले इनं कधी जागाच नाई ठेवली."